मेदाच्या वाटेवरील नाकेदार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हांस रसायनशास्त्र शिकवीत, आणि त्यांच्या शिकवणीतला एक प्रयोग सांगितल्याखेरीज आजच्या विषयाकडे वळणे मला प्रशस्त वाटत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला पुढे बोलावून ते त्याच्या हाती काचेची नळी देत, चुन्याच्या स्वच्छ निवळीत तिचे टोक बुडवून तीत फुंकावयास सांगत, आणि निवळी दुधाळ झाली की म्हणत, "हा पाहा, सकाळी खाल्लेल्या भाकरीचा धूर!" त्या दिवसापासून कार्बन डायऑक्साइड म्हणजे आमच्या लेखी धूर ठरला, शरीराच्या चुलीतून बाहेर टाकलेला, कोणाच्याही उपयोगी न पडणारा. या धुरावाचून आपले शरीर गुंजभरही चरबी घडवू शकत नाही, आणि असे असूनही घडलेल्या चरबीत त्याचा लवलेश सापडत नाही, ही गोष्ट पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आली, तेव्हा ती गुरुजींना जाऊन सांगावी असे फार वाटले. परंतु ती वेळ टळून गेली होती. म्हणून ती आज आपणांस सांगत आहे.

या हकीकतीचे नायकपद एका विकराकडे जाते. त्याचे नाव अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-ए कार्बोक्सिलेज. जुन्या संस्थानिकांच्या किताबासारखे हे नाव लांबलचक असले, तरी त्याचा अर्थ सरळ आहे: अ‍ॅसिटिल नावाच्या दोन कार्बनांच्या तुकड्यास कार्बोक्सिल गटाच्या रूपाने तिसरा कार्बन चिकटविणारे विकर. पुढे मी त्यास नुसते कार्बोक्सिलेज म्हणेन.

आपल्या घरातील तूप असो, गोडेतेल असो किंवा कमरेभोवती साठलेली शिल्लक असो, तिचा रेणू एकाच धाटणीचा असतो. ग्लिसरॉलच्या लहानशा खुंटीस मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या. चरबी ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांची बनलेली असते, हे शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने १८२३ साली ग्रंथरूपाने मांडले (हा गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगला, आणि चरबीचा इतका अभ्यास करूनही तिने त्याचे काही वाकडे केले नाही). निसर्गात सापडणाऱ्या बहुतेक मेदाम्लांत कार्बनांची संख्या सम असते, १६ किंवा १८, क्वचितच विषम; जणू कोणी जोडीजोडीने मोजून ओवावे तशी. या जोडीच्या हिशेबाचे मर्म कळावयास मात्र शंभरावर वर्षे जावी लागली.

त्याआधी एक मोठा वाद होऊन गेला. प्राण्याच्या अंगावर दिसणारी चरबी ही त्याने खाल्लेल्या वनस्पतीतूनच तयार आलेली असते, असे फ्रान्समधील द्यूमा आणि बुसँगो यांचे प्रतिपादन. तर पिष्टापासून आणि साखरेपासून प्राणी ती स्वतः घडवितो, असा जर्मनीतील लीबिख यांचा आग्रह. चातुर्मासात साबुदाणा आणि रताळी यांवर राहूनही ज्यांचे वजन वाढले आहे, अशा मंडळींनी लीबिख यांच्या बाजूने सहज साक्ष दिली असती. परंतु विज्ञानात असली साक्ष ग्राह्य धरीत नाहीत. डुकरांना मोजून चारा घालून, चाऱ्यात आलेल्या स्निग्धांशापेक्षा अंगावर चढलेली चरबी अधिक भरते, हे इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी दाखविले, आणि निकाल लीबिख यांच्या बाजूने लागला. शरीर चरबी घडविते हे ठरले. कशी घडविते, हे कोणासच ठाऊक नव्हते.

घडण कळण्यापूर्वी मोड कळली. १९०४ साली फ्रान्झ क्नूप याने मेदाम्लांच्या टोकाला बेंझीनचे वलय खूण म्हणून बांधले, ती कुत्र्यांना खाऊ घातली, आणि त्यांच्या मूत्रात ती खूण किती लांबीच्या तुकड्यासह बाहेर पडते हे पाहिले. साखळी सम असो वा विषम, शेवटी उरणारे तुकडे दोनच प्रकारचे निघाले. त्यावरून शरीर मेदाम्लाची साखळी एका टोकाकडून दोन-दोन कार्बनांनी छाटत जाते, असे त्याने अनुमान केले. हातात ना किरणोत्सर्गी पदार्थ, ना आजची यंत्रे. एवढ्या साधनांवर काढलेले हे अनुमान आजही जसेच्या तसे उभे आहे. पुढे न्यूयॉर्कमध्ये रिटेनबर्ग आणि ब्लॉख यांनी १९४५ च्या सुमारास जड हायड्रोजन आणि जड कार्बन यांची निशाणी लावलेले अ‍ॅसिटेट उंदरांना देऊन दाखविले, की मेदाम्ल घडतानाही दोन-दोन कार्बनांचेच तुकडे जोडले जातात. १९५१ साली फेओडोर लिनेन याने म्यूनिखमध्ये तो तुकडा पकडला. त्याचे नाव अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-ए.

आता पुढचा तर्क कोणीही करील असाच होता. दोन-दोनांनी मोडते, दोन-दोनांनी घडते; तेव्हा घडण म्हणजे मोडीचीच उलटी चाल, जो जिना उतरावयाचा तोच चढावयाचा. मोडीच्या प्रत्येक पायरीचे विकर तोवर शुद्ध करून झाले होते, आणि त्यातली प्रत्येक पायरी परीक्षानळीत उलटीही चालत होती. ती सर्व विकरे एकत्र करून मात्र पाहावे, तर हाती यावे तुटपुंजे आणि आखूड साखळीचे काही. सोळा कार्बनांचे भरघोस पामिटिक आम्ल येईना. मोठमोठे विद्वान अशा वेळी उपपत्तीला दोष न देता हाताच्या कौशल्याला देतात, तसेच येथेही काही काळ झाले.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे डेव्हिड ग्रीन यांच्या एन्झाइम इन्स्टिट्यूटमध्ये सालिह वकील नावाचा एक तरुण काम करीत होता. त्याचा जन्म इराकमधील करबला या शहरचा, शिक्षण बैरूत आणि नंतर अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे. मेदाम्लांची मोड पेशीतील तंतुकणिकांत होते; त्या तंतुकणिका काढून टाकल्यावर उरलेल्या कबुतराच्या यकृताच्या अर्कात घडण मात्र सुखाने चालते, हे तोवर दिसून आले होते. चढण्याचा जिना उतरण्याच्या जिन्याहून निराळ्या खोलीत आहे, असा याचा अर्थ. वकील आणि त्याचे सहकारी गिब्सन व टिचनर यांनी त्या अर्काचे भाग पाडावयास घेतले, आणि त्यांना एक चमत्कारिक अट आढळली: द्रावणात बायकार्बोनेट असेल तरच मेदाम्ल घडे, ते काढले की काम ठप्प.

बायकार्बोनेट म्हणजे पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड. आमच्या गुरुजींचा धूर. तो जर घडणीस लागतो, तर मेदाम्लात शिरत असला पाहिजे, असे समजून किरणोत्सर्गी कार्बन असलेले बायकार्बोनेट वापरण्यात आले, आणि घडलेले मेदाम्ल तपासण्यात आले. त्यात किरणोत्सर्ग नव्हता. ज्याच्यावाचून काम होत नाही, त्याची कामात कोठे नोंदच नाही! जुन्या दफ्तरातला एखादा फडणीस अशा खात्यावर लगेच बोट ठेवील: रक्कम जमेस पडली, तीच खर्ची पडली, आणि बाकी शून्य, तेव्हा मधल्या काळात ती कोणाच्या हाती होती ते दाखवा. वकील यांनी नेमके हेच केले. १९५८ साली त्यांना मधला पदार्थ सापडला: अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-ए ला कार्बन डायऑक्साइड जोडून झालेले तीन कार्बनांचे मॅलोनिल-कोएन्झाइम-ए. त्याच सुमारास अमेरिकेतच रॉस्को ब्रेडी हाही याच पदार्थापाशी येऊन पोहोचला होता. साखळीत भर घालावयास येतो तो तीन कार्बनांचा तुकडा. पण जोडला जाण्याच्या त्याच क्षणी तिसरा कार्बन वायुरूपाने निसटतो, आणि साखळी दोननेच वाढते. जोडीच्या हिशेबाचे मर्म हे असे.

येथे अंड्याची एक उपकथा आहे, आणि ती सोडून जाणे माझ्याने होत नाही. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने उंदरांना प्रथिन म्हणून अंड्याचा कच्चा पांढरा भाग दिला, तर त्यांची कातडी सोलवटली आणि केस झडले. अंड्यातला पिवळा भाग दिला असता हे दुखणे बरे होई. त्यातील गुणकारी द्रव्य क्योग्ल आणि ट्योनिस यांनी १९३६ साली वेगळे केले. २५० किलो वाळविलेल्या बलकातून हाती आले एक मिलिग्रॅमच्या आसपास. या द्रव्याचे नाव बायोटिन. पांढऱ्या भागात अ‍ॅव्हिडिन नावाचे प्रथिन असते. ते बायोटिनला असे घट्ट धरते की सोडीतच नाही. शिजविले की त्याची ही मिठी सुटते, त्यामुळे उकडलेल्या अंड्याचे भय नाही. तालमीत सकाळी कच्ची अंडी घशाखाली उतरविणाऱ्या मंडळींनी मात्र बलक टाकून पांढरेच तेवढे पिण्याचा शिरस्ता पाडू नये, इतके येथे सांगून ठेवतो. वकील यांच्या शुद्ध केलेल्या विकरात हे बायोटिन निघाले. त्यात अ‍ॅव्हिडिन घातले, तर मेदाम्लांची घडण जागीच थांबली. उंदराच्या झडलेल्या केसांचा आणि आपल्या चरबीचा संबंध असा एका नळीत जुळला.

कार्बोक्सिलेजची रचना आता पुष्कळ कळली आहे. एकाच विकरात दोन कारखाने आहेत. पहिल्यात पेशीला शक्ती पुरविणारे एटीपी खर्चून बायकार्बोनेटमधील कार्बन बायोटिनवर चढवितात. (हे एटीपी १९२९ साली ज्यांनी शोधले त्यांत भीमवरमचे आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ही गोष्ट आपल्याकडे जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाही.) दुसऱ्यात तो कार्बन बायोटिनवरून उतरवून अ‍ॅसिटिलच्या हवाली करतात. बायोटिन स्वतः एका लवचीक दांडीच्या टोकाशी बांधलेले असते, आणि ती दांडी या कारखान्यातून त्या कारखान्यात रहाटाच्या पोहऱ्यासारखी ये-जा करते. कोलाय जंतूमध्ये हे भाग सुटेसुटे असतात, निरनिराळ्या प्रथिनांचे. आपल्या पेशीत सर्व एकाच लांबलचक प्रथिनाच्या धाग्यात ओवलेले असतात.

परंतु एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? एक कार्बन चढवावयाचा, त्यासाठी एटीपी खर्चावयाचे, आणि लगेच तो काढून टाकावयाचा. हिशेबी मनुष्यास हा उधळेपणा वाटेल. त्याचे उत्तर असे, की दोन अ‍ॅसिटिल सरळ एकमेकांस जोडणे हे चढावरचे काम आहे. आपण होऊन ते जवळजवळ होतच नाही, आणि झाले तरी लगेच उलटते. कार्बन डायऑक्साइड चिकटविताना एटीपीची जी शक्ती खर्च झाली ती मॅलोनिलमध्ये दबलेल्या कमानीसारखी साठून राहते. जोडणीच्या क्षणी तो वायू सुटतो, कमान उसळते, आणि चढावरचे काम उतारावरचे होते. शिवाय सुटलेला वायू निघून गेल्याने मागे फिरण्याची वाटही बंद होते. उतरण्याचा जिना उलटा चढण्याचा यत्न का फसत होता, हे येथे उलगडते. त्या जिन्यावर हा कमानीचा खटका नाहीच. सोळा कार्बनांचे एक पामिटिक आम्ल घडविण्यास एक अ‍ॅसिटिल आरंभास आणि सात मॅलोनिल पुढच्या सात फेऱ्यांस लागतात. म्हणजे सात कार्बन डायऑक्साइड आले आणि सात गेले, सात एटीपी या एकाच नाक्यावर खर्च झाले. जोडणीचे पुढचे सारे काम मेदाम्ल-संश्लेषक नावाचे निराळे विकर करते. ते इतके अजब आहे की त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे, म्हणून त्यास हात लावीत नाही.

नाका हा शब्द मी सहज वापरला नाही. मेदाच्या वाटेवरची ही पहिली पक्की पायरी, आणि एकदा ही ओलांडली की माल चरबीच्या कोठाराकडेच जावयाचा. म्हणून शरीराने आपला सर्वांत जागरूक नाकेदार येथे बसविला आहे. त्याला हुकूम कोणकोणाचे येतात ते पाहण्यासारखे आहे. भरपूर जेवण झाले, तंतुकणिकेत अ‍ॅसिटिलची गर्दी झाली, की ते सायट्रेटच्या रूपाने पेशीद्रवात बाहेर पडते. तेथे सायट्रेट फोडून अ‍ॅसिटिल मोकळे होते, हा कच्चा माल. पण तेच सायट्रेट जाता जाता कार्बोक्सिलेजला चेतवितेही, आणि मग त्याचे रेणू एकमेकांस चिकटून लांबच लांब तंतू बनतात. पक्ष्यांच्या यकृतातील विकराचे असे तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले आहेत. मालाची गोणी आणि मालाची चिठ्ठी एकच, अशी ही तजवीज आहे. उलट, तयार मेदाम्ल साठू लागले की तेच येऊन नाका बंद करावयास सांगते. रक्तात साखर वाढून इन्शुलिन सुटले की नाका उघडतो. उपास, धावणे, किंवा कोणत्याही कारणाने पेशीत शक्तीचा तुटवडा पडला, की एएमपीके नावाचे दुसरे विकर या विकरावर फॉस्फेटचा शिक्का मारते, आणि व्यवहार थांबतो. मधुमेहासाठी घरोघरी घेतली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी आपल्या परिणामाचा काही भाग याच शिक्क्याच्या मार्गाने साधते, असे २०१३ साली उंदरांवर दाखविण्यात आले. ज्या उंदरांच्या कार्बोक्सिलेजवर शिक्का बसण्याची जागाच बदलून टाकली होती, त्यांना त्या औषधाचा अपेक्षित गुण आला नाही.

आणखी एक अधिकार या नाक्याकडे आहे, आणि मला तो सर्वांत चतुर वाटतो. घडणे आणि जळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली, तर ते एका हाताने भिंत बांधून दुसऱ्या हाताने पाडण्यासारखे होईल. १९७७ साली अमेरिकेतील डॅलस येथे मॅकगॅरी आणि फॉस्टर यांना दिसले, की मॅलोनिल-कोएन्झाइम-ए हे नुसते बांधकामाचे सामान नव्हे. मेदाम्ल जाळण्यासाठी तंतुकणिकेत ज्या दारातून शिरते, त्या दाराला ते कडीही घालते. म्हणजे बांधकाम सुरू असल्याची खबर सामानानेच स्मशानाच्या दारापर्यंत पोहोचवावी. आपल्या अंगात या विकराचे दोन भाऊ आहेत. पहिला यकृत आणि मेदपेशी यांच्या द्रवात बसून प्रत्यक्ष चरबी घडवितो, आणि दुसरा तंतुकणिकेच्या अंगणातच ठाण मांडतो. हृदयात आणि स्नायूत चरबी घडवावयाची नसतेच. तेथे या दुसऱ्याचे मॅलोनिल केवळ कडी घालण्यासाठी. २००१ साली वकील यांच्या प्रयोगशाळेने हा दुसरा भाऊ नसलेले उंदीर तयार केले, आणि ते जास्त खाऊनही सडपातळ राहतात असे जाहीर केले, तेव्हा लठ्ठपणाचा निकाल लागलाच अशी हाकाटी झाली. पुढे इतर प्रयोगशाळांतल्या तशाच उंदरांनी मात्र सडपातळ होण्याचे नाकारले. उंदीर वैज्ञानिकांच्या इच्छेस नेहमीच मान देतात असे नाही.

या विकराचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर मी त्याला पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनच्या शेतात नेईन. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेतकरी तेथे गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉपसारखे तणनाशक फवारतात. गवत मरते, आणि सोयाबीनच्या पानाला धक्का लागत नाही. ही किमया वाटावी अशी गोष्ट कार्बोक्सिलेजच्या कुळात आहे. वनस्पती मेदाम्ल हरितलवकांत घडवितात. सोयाबीन, तूर, कापूस यांच्या हरितलवकातील कार्बोक्सिलेज जंतूंसारखे सुट्या भागांचे असते, आणि गवताचे मात्र प्राण्यांसारखे एका धाग्यात ओवलेले. या तणनाशकाचा रेणू एका धाग्याच्या विकराच्या दुसऱ्या कारखान्यात जाऊन अडकतो, सुट्या भागांच्या विकरात त्याला जागा सापडत नाही. गवताच्या कोवळ्या शेंड्यास पेशींची आवरणे घडविण्यापुरतेही मेदाम्ल मिळेनासे होते, आणि काही दिवसांनी पोंगा ओढला तर तो सहज हाती येतो. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असले तर चिंता नाही. परंतु शेजारच्या धुऱ्यापलीकडे ज्वारी असली आणि वारा तिकडे वाहत असला, तर पंप खाली ठेवावा, कारण ज्वारी, मका आणि ऊस हीसुद्धा गवतेच आहेत, आणि रेणूला पीक व तण हा आपला भेद मुळीच ठाऊक नाही. एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारीत राहिल्याचे फळ ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभापासून भोगले आहे. तेथल्या राय गवतात या जातीच्या औषधांना दाद न देणारे वाण निपजले. विकरातील अवघा एक अमिनो आम्लाचा दाणा बदलला तरी असे होऊ शकते.

गवतावर जमले ते मनुष्याच्या यकृतावर का जमू नये, या विचाराने औषध बनविणारेही या नाक्यापाशी आले आहेत. यकृतात चरबी साठण्याचा विकार आता शहरात आणि खेड्यात सारखाच आढळतो, आणि नाका बंद केला की साठा उतरेल, हा तर्क निर्दोष दिसतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात अशा रुग्णांना चार आठवडे असे औषध दिले, तेव्हा यकृतातील चरबी ३६ टक्क्यांनी खरोखरच उतरली. परंतु रक्तातील ट्रायग्लिसराइड्स मात्र अनपेक्षितपणे चढले. कारण शोधता असे निघाले, की शरीराला अत्यावश्यक असलेल्या काही मेदाम्लांची साखळी लांबविण्यासही मॅलोनिल लागते. ते न मिळाल्याने त्या मेदाम्लांचा तुटवडा पडला, आणि यकृताने घाबरून उरलीसुरली चरबी रक्तात लोटण्याचा धडाका लावला. नाकेदाराला बडतर्फ करणे सोपे; तो आणखी कोणकोणती कामे पाहत होता याची यादी नंतर हाती येते. माझे मत विचाराल, तर या वाटेने औषध मिळेल, पण ते नाका सरसकट बंद करणारे नसेल.

शेवटी, ज्या शाळेत गुरुजींनी आयुष्य वेचले, त्या शाळेच्या चालकांस एक विनंती. विज्ञानाच्या प्रयोगाचे कपाट तेथे गेली काही वर्षे कुलपात आहे, आणि किल्ली कोणाकडे आहे याची रुजुवात कोणी घेत नाही, असे मुलांकडून कळते. ते उघडावे, काचेची नळी काढावी, आणि निवळी दुधाळ झाल्यावर भाकरीचा धूर एवढेच सांगून न थांबता, हाच वायू चरबी घडविताना सात वेळा येतो आणि सातही वेळा परत जातो, हे एक वाक्य मुलांना अधिक सांगावे. चुना लागेल तेवढा मी पुरवीन.